एकवीस मालकिणी

“उतर मशीनवरून,” गौराबाई म्हणाली.

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हाताचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं आणि मी हट्टानं माझ्या जागेवर येऊन बसले होते. कॉलर लावणं हे माझं काम. डाव्या हातानं कापड मागून ओढायचं, उजव्यानं पुढून वळवत न्यायचं. इतकी वर्षं शेजारणीशी गप्पा मारत मारत मी ते करत आले होते. त्या दिवशी कापड सुईखाली गेलं आणि बोटांतून सुटलं. परत धरलं, परत सुटलं. अंगठा आणि त्याच्या बाजूची दोन बोटं दिसायला जिथल्या तिथं होती, पण त्यांना काही सांगितलं तर ती ऐकत नव्हती.

“राजमणी, उतर म्हणते ना! सुई बोटात घुसेल. शिवाय कापडाची वाट लागेल ती वेगळीच.”

“कापडाची फार काळजी तुम्हाला.”

“आहेच. ते काय एकटीचं नाही, सगळ्यांचं आहे.”

बाकीच्या मशीनी एकेक करून थांबल्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी उठले, पिशवी डाव्या खांद्याला अडकवली आणि कुणाकडं न बघता बाहेर पडले. कारखान्याच्या दारातच रडू फुटलं. गौराबाईचं आणि माझं पहिल्यापासून पटत नव्हतं; पण पडलेल्या माणसाला ती असं बोलेल, असं मला वाटलं नव्हतं.

ही गोष्ट सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या बाजूला, एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचा शाळेच्या गणवेशांचा कारखाना होता. होता कशाला, आजही आहे. पूर्वी तो बिराजदार शेठचा. शेठ म्हातारे झाले, मुलं बेंगळुरूला नोकरीत रमली. कारखाना बंद करायची वेळ आली तेव्हा शेठनी आम्हा बायकांनाच बोलावलं आणि म्हणाले, “मशीनी भंगारात घालण्यापेक्षा तुम्हीच चालवा. जमेल तसं फेडा.” देव त्यांचं भलं करो. आम्ही एकवीसजणी एकत्र आलो आणि महिलांची सहकारी संस्था काढली. सगळ्या सारख्याच मालकिणी. काज-बटण करणारीचा वाटा तेवढाच, कॉलर लावणारीचाही तेवढाच. दर महिन्याला सभा, प्रत्येकीला एक मत.

तेव्हा शेठचा एक पुतण्या पुढं आला होता. “मी भांडवल घालतो, मला वाटा द्या, तुम्ही शिवत बसा,” म्हणाला. बऱ्याचजणींना ते बरं वाटलं. मी सातवी शिकलेली, चार माणसांत कधी बोलले नव्हते. पण त्या दिवशी माझ्या तोंडाला काय झालं कुणास ठाऊक. उभी राहिले आणि म्हणाले, “भाऊ, इथं काम करेल तोच मालक. घरी बसून वाटा नाही.” पुतण्या निघून गेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि तोच आमचा पहिला नियम झाला.

एकट्या गौराबाईनं टाळी वाजवली नव्हती. गौराबाई हत्तुरे माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, कपाळाला विभूती, आवाज खडा.

“आणि एखादी आजारी पडली तर?” तिनं विचारलं होतं.

“बरी होऊन येईल.”

“नाही झाली तर?”

“नियम म्हणजे नियम,” मी म्हणाले होते. सगळ्या हसल्या होत्या, मीही हसले होते. तेव्हा हात शाबूत होता.

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आलं की घरात लगीनघाई. गच्चीवरचा बॅरल भरायला भरली कळशी घेऊन जिना चढत होते, पाय सरकला आणि सगळं अंग उजव्या हातावर आलं. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आतली शीर दुखावली होती. डॉक्टर म्हणाले, “थोडं येईल, सगळं येणार नाही. शिवणकाम विसरा.”

माझा नवरा व्यंकटेश चादरीच्या मागावर. माग चालला तर काम, नाही तर घरी. सासूबाई, आम्ही तेलुगू माणसं त्यांना अत्तम्मा म्हणतो, घरी विड्या वळायच्या. कारखान्यातून रडत आले त्या दुपारी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“मलाही सूप द्या. मी विडीला बसते.”

अत्तम्मांनी पान आणि तंबाखू पुढं सरकवला. मी वळायला गेले आणि तंबाखू मांडीवर सांडला. दुसरं पान घेतलं, ते फाटलं. त्यांनी माझ्या हातातलं पान हळूच काढून घेतलं.

“राहू दे गं. त्यालाही बोटंच लागतात.”

रात्री व्यंकटेश म्हणाला, “सभेत सांग ना त्यांना. तू मालकीण आहेस. तुझा वाटा देतीलच की.”

“घरी बसून वाटा नाही, असं मीच म्हटलं होतं.”

“मग आता तूच म्हण, चुकलं म्हणून.”

“चुकलं नव्हतं,” मी म्हणाले. खरंच चुकलं नव्हतं. तो पुतण्या आत आला असता तर आमचं काय झालं असतं, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर वाट दिसत नव्हती. रविवारी सभेत उभं राहायचं, वाटा सोडते म्हणायचं आणि मानानं घरी यायचं, असं मी ठरवलं.

सभा रविवारी दुपारी, कापड कापायच्या लांब टेबलाभोवती. कुणी स्टुलावर, कुणी कापडाच्या ताग्यांवर. दर महिन्याला अध्यक्ष वेगळी. त्या महिन्यात रिझवानाची पाळी होती. रिझवाना बटणाच्या मशीनवर बसायची, वयानं लहान, मनानं फार मऊ. आमचे कटिंग मास्तर, दस्तगीर मास्तर, कोपऱ्यात चष्मा पुसत बसले होते.

मी उभी राहिले. घरून चार वाक्यं घोकून आले होते, त्यातलं पहिलंच आठवलं.

“माझा हात आता मशीनला चालत नाही. काम करेल तोच मालक, हा नियम आहे. म्हणून मी वाटा सोडते.”

मग रिझवानाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “असं कसं राजमणीदीदी? तुम्ही नसता तर ही संस्थाच झाली नसती. मी म्हणते, दीदींनी घरी आराम करावा. त्यांचा वाटा आपण सगळ्या मिळून देऊ. काय गं?”

“हो हो, देऊ!” सगळीकडून आवाज आले. कुणी म्हणालं, एकवीसजणींत एकीचं काय जड आहे. एकीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला इतकं भरून आलं की मी खालीच बसले. आणि खरं सांगते, त्याच वेळी असंही वाटलं की आता ह्या बायकांच्या डोळ्याला डोळा मला कधी देता येणार नाही.

“माझा विरोध आहे,” गौराबाई म्हणाली.

शेडमध्ये एकच गलका झाला. “गौराबाई, माणूस आहात की दगड?” “अय्यो, तिची दशा तरी बघा!” रिझवाना टेबलावर कात्री आपटत “थांबा, थांबा” म्हणत होती, तिला कुणी जुमानेना.

गौराबाई सगळ्यांचं ओरडून होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, “घरी बसून वाटा कुणालाच नाही. हिनंच सांगितलं. मी तेव्हा नको म्हणत होते; पण ठरलं ते ठरलं. आज हिच्यासाठी मोडलं, तर उद्या पुतण्यासाठी मोडायला कितीसा वेळ?”

“मग काढायचं का हिला?” कुणीतरी विचारलं.

“काढायचं कुणी म्हटलं? नियमात मशीन हा शब्द कुठंय? काम करेल तोच मालक, असं आहे. मग हिला काम सांगा. प्रत्येकीनं सांगायचं. असं काम सांगायचं, जे ही उद्यापासून करू शकेल आणि ज्याची आपल्याला खरंच गरज आहे.”

मग ताग्यांवर बसलेली एकजण म्हणाली, “चहा करेल.”

“चहा आपला आपण करतो. ते काम नव्हे, ती दया. दुसरं सांगा.”

“दोरे कापेल.”

“बोटं कुठायत तिला कात्री धरायला?”

“इस्त्री?”

“डाव्या हातानं? दुसराही भाजून घेईल.”

“शिवलेले पीस मोजेल.”

“मला माझे मोजता येतात. तुला येत नाहीत काय?”

एक-दोघी फिसकन हसल्या. मलाही त्या तसल्या परिस्थितीत हसू आलं. माझ्याच तोंडासमोर माझ्या हाताचा असा हिशेब चालला होता आणि गंमत म्हणजे मगाशी पाठीवरून हात फिरला तेव्हा लागलं होतं, तसं आता काही लागत नव्हतं. कुणी माझी कीव करत नव्हतं. आज कापड कोणतं लावायचं यावर वाद घालावा, तशा त्या वाद घालत होत्या.

मग दस्तगीर मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मी बोलू का? मी सभासद नाही, मला मत नाही, पण बोलतो. बेटी, तीस वर्षं झाली मी पोरांचे कपडे कापतोय. व्यापारी म्हणतो, ह्या मापाचे इतके, त्या मापाचे इतके. मी कापतो, तुम्ही शिवता. ज्या पोरांसाठी शिवतो, त्यातलं एक तरी पोर कुणी बघितलंय? गेल्या साली शर्ट परत आले. का आले? पोरं कशी आहेत, ते आम्हाला माहीतच नाही. कुणीतरी शाळेत जायला पाहिजे. मापं घ्यायला पाहिजेत, बाईंशी बोलायला पाहिजे. मधला व्यापारी कशाला पाहिजे?”

हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कारखाना आमचा झाला होता. पण काम मात्र व्यापारी आणून देईल तेच, तो म्हणेल त्या भावानं.

“बरोबर आहे,” रिझवाना म्हणाली. “पण मोठ्या शाळेच्या बाईंशी बोलणार कोण? मला तर नाही जमायचं.”

“जिनं शेठच्या पुतण्याला गप्प केलं, ती बोलेल,” गौराबाई म्हणाली.

“मी?” मी परत उभी राहिले. “गौराबाई, मला शिकलेल्या माणसांशी बोलता येत नाही.”

“माझ्याशी तीन वर्षं भांडत आलीस, तेव्हा बरं येतं बोलायला!”

ह्यावर सगळी शेड हसली. रिझवानानं मतं घेतली. होळीपर्यंत राजमणी शाळांचं काम करेल. एकही शाळा मिळाली नाही तर परत सभा बसेल. हात वर झाले. मास्तरांनी मत नसूनही सवयीनं हात वर केला होता, तो रिझवानानं खाली घ्यायला लावला.

“पण टेपनं माप घ्यायला दोन हात लागतात,” मी म्हणाले.

“मी येईन सोबत,” गौराबाई म्हणाली. “तेवढं माझं काम बाकीच्या ओढून घेतील. काय गं, घ्याल ना?” तिनं हे असं विचारलं की नाही म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पहिल्या शाळेत शिपायानं फाटकातूनच परत पाठवलं. दुसऱ्या शाळेत एक सर भेटले. म्हणाले, आमचं ठरलेलं दुकान आहे. दुपारपर्यंत माझा धीर सुटला. गौराबाई नुसती पुढं चालत होती.

तिसरी शाळा होटगी रस्त्याला, लहानशी, पटांगणात लिंबाची झाडं. मुख्याध्यापिका देशमाने बाई. खादीची साडी, बोलणं शांत. त्यांनी आम्हाला आत घेतलं, पाणी दिलं.

“मालक नाही आले?” त्यांनी विचारलं.

“मीच मालक,” मी म्हणाले. मग गौराबाईकडं बघून म्हणाले, “ह्यासुद्धा.”

“म्हणजे भागीदारी आहे का? मोठे मालक कोण?”

“मोठं कुणी नाही बाई. आम्ही एकवीसजणी आहोत. सगळ्या सारख्या.”

त्या खुर्चीत जरा मागं रेलल्या. “हे ऐकायला छान वाटतं. पण उद्या कपडा उसवला, रंग गेला, तर मी तक्रार कुणाकडं करायची? एक माणूस जबाबदार नसला की कुणीच जबाबदार नसतं, असा माझा अनुभव आहे.”

प्रश्न रास्त होता. मी गौराबाईकडं बघितलं. ती भिंतीवरचं घड्याळ बघत बसली होती, मुद्दामच. मग मला जे खरं वाटलं ते मी बोलले.

“कुणाकडंही करा बाई. रस्त्यात आमच्यातली जी भेटेल तिला धरा. एक मालक असला तर तो उठून दुसऱ्या गावाला जाऊ शकतो. एकवीसजणी घरदार, पोरंबाळं घेऊन कुठं पळणार? आमची पोरंही ह्याच गावात शाळेत जातात.”

देशमाने बाई हसल्या नाहीत, पण पुढं वाकल्या. “एका वर्गाची मापं घेऊन दाखवा,” म्हणाल्या.

सहावीच्या वर्गात गेलो. गौराबाई टेप धरायची, मी बघायची आणि सांगायची. टेप धरायचं काम सुटलं तेव्हा कळलं की बघण्याचंही काम असतं. एक मुलगी रांगेत पुढं आली, दप्तर छातीशी घट्ट धरून. “बाळा, दप्तर खाली ठेव,” गौराबाई म्हणाली. मुलगी मान खाली घालून उभी. मला उमगलं. अंग भरायला लागलेलं आणि शर्ट मागच्या वर्षीचा, बटणं ताणलेली. मी गौराबाईला खूण केली. आम्ही तिला दाराआड घेतलं, मी आडोसा धरला आणि तिचं माप घेतलं. माप सैल सांगितलं.

बाहेर येऊन मी देशमाने बाईंना म्हणाले, “ह्या वयाच्या पोरी बघता बघता वाढतात. आम्ही आत कापड दुमडून ठेवू. वर्षात आखूड झालं, घट्ट झालं, तर आमच्याकडं पाठवा. उसवून वाढवून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही.”

गौराबाईनं मागून मला जोरात चिमटा काढला.

बाईंनी त्या वर्गाचे गणवेश नमुन्यादाखल करायला सांगितले. नीट झाले तर जूनपासून सगळी शाळा. मी फाटकाबाहेर येईपर्यंत कशीबशी चालले आणि मग आनंदानं गौराबाईचा हातच धरला. तिनं तो झटकला.

“फुकट वाढवून देऊ? कुणाला विचारून बोललीस? एकटी मालकीण झालीस काय?”

“सुचलं ते बोलले.”

“अगं, वाढवून दिलं तर पुढच्या वर्षी नवा कपडा कोण घेईल? आपल्याच पायावर धोंडा.”

“सभेत विचारू. नको म्हणाल्या तर बाईंना जाऊन सांगेन, माझं चुकलं म्हणून.”

“विचारच. मी विरोध करणार आहे,” ती म्हणाली.

बसथांब्यावर सावलीत बसलो. तिनं फडक्यातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली, माझ्यासमोर ठेवली. भाकरी मोडायला मला जमेना, तर तिनं तुकडे करून दिले. मला राहवलं नाही.

“गौराबाई, मी तुम्हाला आवडत नाही.”

“नाही आवडत.”

“मग हे सगळं कशाला केलंत?”

बस आली, गेली. आमची नव्हती.

“माझा बाप गिरणीत होता,” मग ती म्हणाली. “पट्ट्यात सापडून हात गेला. माणसं चांगली होती गं. खात्यातले लोक दर महिन्याला वर्गणी काढून घरी तांदूळ-डाळ आणून द्यायचे. एकदा नाही चुकले. मी लहान होते, मला आनंद व्हायचा. पण ते लोक दारात आले की बाप भिंतीकडं तोंड करून निजायचा. पुढं पुढं उठेनासाच झाला. हातानं नाही मेला तो. डावा हात होता ना त्याला, दोन पाय होते, डोकं होतं. पण कुणी म्हटलं नाही, ये, तुझ्याजोगं काहीतरी काम आहे.”

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले.

“परवा तू मशीनवर बसलेलीस, तर मला बापच दिसला. म्हणून ओरडले. मग मास्तरांच्या घरी गेले. म्हटलं, मास्तर, तुम्ही ते शाळेचं माझ्याजवळ नेहमी बोलता, ते सभेत बोला. मी बोलले तर ह्या बायका विरोधच करतील.”

“म्हणजे ते तुमचं ठरलेलं होतं?”

“मग? सभेत आयत्या वेळी काही सुचतंय होय कुणाला?” फडकं झाडून तिनं घडी घातली. “आणि फार डोक्यावर घेऊ नकोस. तुझ्यासाठी नाही केलं. उद्या माझं काही मोडलं तर मला भिंतीकडं तोंड करून निजायचं नाही.”

पुढच्या सभेत तिनं कबूल केल्याप्रमाणे फुकट वाढवून द्यायला कडाडून विरोध केला. खूप वाद झाला. शेवटी रिझवाना म्हणाली, “आपल्या पोरांना दर साली नवा गणवेश आपण घेतो का? मी तर मोठ्याचा धाकट्याला घालते. मग दुसऱ्यांच्या पोरांनी का घ्यावा?” ठराव पास झाला. गौराबाईचं मत विरोधात पडलं आणि दुमडीचा पहिला नमुना तिनंच शिवला. इतका सुबक, की उसवावासा वाटू नये.

व्यापाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण वाढवून मिळतो म्हटल्यावर आयाच एकमेकींना सांगायला लागल्या. होळीच्या आत आणखी दोन शाळांनी बोलावलं. मी शाळांच्या पायऱ्या चढत राहिले आणि ज्या बाईला बोलता येत नव्हतं ती बोलत राहिली. पुढं त्यातूनच संस्था वाढली. आज आमच्यात चाळीसजणी आहेत, त्यात एक पायानं अधू आहे, एकीला कमी दिसतं. प्रत्येकीच्या वेळी सभा बसली, भांडण झालं आणि काम सापडलं.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या जूनचं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी देशमाने बाईंचा निरोप आला, “उद्या प्रार्थनेला तुमच्यातल्या एका मालकिणीला पाठवा, मुलांना भेटू दे.” आम्ही कारखाना तासभर बंद ठेवला आणि सगळ्याच गेलो. आयुष्य गणवेश शिवण्यात गेलेल्या बायका. पण आपण शिवलेलं पोरांच्या अंगावर चढलेलं त्यातल्या बहुतेकींनी कधी पाहिलं नव्हतं.

पटांगणात बाईंनी व्यासपीठावर एक खुर्ची मांडली होती. मालकिणीसाठी. आणि फाटकातून एकवीसजणी आत आलेल्या बघून त्यांना काय करावं सुचेना. शिपाई आणखी खुर्च्या आणायला पळाला.

“राहू द्या बाई,” मी म्हणाले. आम्ही एकमेकींकडं बघितलं आणि काही न ठरवता दस्तगीर मास्तरांना पुढं केलं. त्यांचे गुडघे दुखायचे. मास्तर “नको नको” म्हणत होते. संस्था बायकांची, म्हणून कायद्यानं त्यांना सभासद होता येत नव्हतं. कारखान्यातून आलेल्यांपैकी मालक नसलेलं एवढं एकच माणूस होतं. तेच मालकाच्या खुर्चीवर बसलं. आम्ही लिंबाखाली ओळीनं उभ्या राहिलो. मास्तर दर मिनिटाला चष्मा काढून डोळे पुसत होते.

पोरं वर्गावर्गानं बाहेर आली. निळ्या-पांढऱ्या रांगा लांबच लांब. रिझवानाला ओळीनं बटणं दिसत होती, ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी गौराबाईच्या शेजारी होते. इतके महिने एक शब्द तिला म्हणायचा राहिला होता.

“गौराबाई,” मी हळूच म्हणाले, “तुमचे उपकार...”

“गप. प्रार्थना सुरू झाली.”

खरंच झाली होती. सगळ्यांनी हात जोडले, तसे मीही जोडले. उजव्या हाताची बोटं सरळ होत नाहीत, त्यामुळं माझा नमस्कार वाकडाच होतो, अजूनही होतो. शाळेची प्रार्थना कुठल्या देवाची होती ते मला ऐकू आलं नाही. मी कुणाला हात जोडले होते, ते मला ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. तिची नजर तिसऱ्या रांगेतल्या एका पोराच्या कॉलरवर होती आणि कॉलर तिला पसंत नव्हती.